एका पोरापायी

एमटेकच्या प्रोजेक्टला सरांनी विचारलं फटीग (पुन्हा पुन्हा लोड देऊन धातू किती फेऱ्यांना तुटतो ते बघणं) घेतेस का, मी लगेच हो म्हणून बसले, कारण वाटलं काय असतं त्यात, मशीनला सॅम्पल लावायचं, तुटलं की आकडा लिहायचा. मटेरियल होतं ए३५६, म्हणजे ७ टक्के सिलिकॉन आणि जरासं मॅग्नेशियम असलेलं कास्टिंगचं ॲल्युमिनियम, गाड्यांची अलॉय व्हील्स बरीचशी ह्याचीच असतात. ५४० डिग्रीला तापवत ठेवून पाण्यात टाकलं, मग एजिंग केलं, म्हणजे कमी तापमानाला ठेवून कडक केलं. टेन्साइल टेस्टला, म्हणजे सॅम्पल ओढून तोडतात त्यात, यूटीएस (पेललेला जास्तीत जास्त ताण) सगळ्या सॅम्पलचे जवळपास सारखे आले, मी खूश.

मग रोटेटिंग बेंडिंग मशीन, म्हणजे वजनाने वाकवलेलं सॅम्पल गरागरा फिरवत ठेवायचं. स्टीलला कसं, एका लोडच्या खाली गेलं की तुटतच नाही असं धरता येतं, ॲल्युमिनियमचं तसं नाही, त्यामुळे कुठेतरी थांबायचं म्हणून एक कोटी फेऱ्यांना थांबतात. ३००० आरपीएमला एक कोटी म्हणजे साडेपंचावन्न तास! त्यात लाइट गेली की मी हॉस्टेलवरून पळत लॅबला.

पहिली दोन सॅम्पल वायाच गेली. मी एमरी पेपर गोल गोल फिरवून पॉलिश केलं होतं आणि दोन्ही बरोब्बर एका ओरखड्यावरच तुटली. लॅबमधले मामा म्हणाले, "अगं लांबीच्या दिशेनं घास ना, आडवा ओरखडा म्हणजे आयती चीर." हे मला कुणी आधी का नाही सांगितलं देव जाणे.

खरी गंमत पुढे. तेच कास्टिंग, तोच लोड, एक सॅम्पल ९० हजार फेऱ्यांना तुटलं आणि दुसरं १४ लाखांपर्यंत चाललं. सरांना वाटलं मी वजन चुकीचं लावलंय, तीनदा तपासून घेतलं, वजन बरोबरच होतं.

शेवटी तुटलेले तुकडे एसईएमखाली (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) ठेवले. तुटलेल्या भागावर एका कोपऱ्यात सपाट चकचकीत पट्टा असतो, त्यावरच्या रेषा पंख्याच्या काड्यांसारख्या एका ठिकाणी येऊन मिळतात, तिथे क्रॅक सुरू झालेली असते. तिथे झूम केलं तर एक काळं भोक आणि आत द्राक्षाच्या घडासारखे गोल गोल उंचवटे, म्हणजे डेन्ड्राइटची, धातू गोठताना झाडासारख्या फांद्या फुटून वाढणाऱ्या स्फटिकांची टोकं. धातू गोठताना आकसला आणि तिथे भरायला रस पोचलाच नाही, म्हणून राहिलेली पोकळी, इंग्रजीत पोर (pore). मी ओरडले, "मामा, पोर सापडलं!" मामा म्हणाले, "कुणाचं?"

९० हजारवाल्याचं पोर पृष्ठभागाला अगदी टेकलेलं होतं, मधे धातूचा पापुद्र्याएवढा पडदा. १४ लाखवाल्याचं लहान आणि आत होतं, तिथे बाहेरची हवा पोचत नाही त्यामुळे क्रॅकसुद्धा हळू वाढते. मग प्रत्येक पोरचं क्षेत्रफळ मोजून त्याच्या वर्गमुळाविरुद्ध फेऱ्या मांडल्या आणि इतके दिवस वेडेवाकडे पसरलेले ठिपके बऱ्यापैकी एका रेषेत आले, त्या दिवशी मी दोन वडापाव खाल्ले.

नंतर लोखंडी साच्यातल्या कास्टिंगची सॅम्पल केली. तिथे धातू लवकर गोठतो, डेन्ड्राइटच्या फांद्या जवळ जवळ येतात, पोरं बारीक. ती जास्त टिकली, पण तुटायची थांबली नाहीत. आता सुरुवात कधी घडी पडलेल्या ऑक्साइडच्या पडद्यापासून, कधी तडकलेल्या सिलिकॉनच्या कणापासून. म्हणजे मोठा गुंड गेला की गल्लीतला छोटा डोकं वर काढतो तसं. सिलिकॉनचं आणि लोहामुळे होणाऱ्या सुईसारख्या कणांचं जे सगळं मी आधी वाचून ठेवलं होतं ते कामाला आलं ते इथे, मोठी पोरं होती तोवर त्यांना कोण विचारतंय.

व्हायवाला एक्स्टर्नलनी एकच प्रश्न असा विचारला की घाम फुटला, टेन्साइलमध्ये हे काहीच कसं दिसलं नाही? मी म्हटलं सर, यूटीएस सारखेच होते. ते म्हणाले, इलाँगेशन (तुटेपर्यंत सॅम्पल किती ताणलं गेलं ते) वाचा. रिपोर्ट उघडला तर एकाचं ३ टक्के, दुसऱ्याचं ८. तो कॉलम मी सहा महिन्यांत एकदाही बघितला नव्हता.