बगळा पाहत होता

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा निरोप आला आणि मला मराठीच्या सरांचा एक तास आठवला. आम्ही दहावीत होतो. पुस्तकात नसलेली एक गाथा सरांनी फळ्यावर लिहिली. गाथासप्तशती या प्राकृत काव्यसंग्रहातली, आपल्या पैठणच्या हाल सातवाहनाने जमवलेली. एक बाई फुलं तोडायला येणाऱ्या धार्मिक माणसाला सांगते, ‘आता खुशाल फिरा. तो कुत्रा आज गोदाकाठच्या जाळीत राहणाऱ्या सिंहाने मारला.’

‘बाई काय म्हणतेय?’ सरांनी विचारलं. आम्ही सगळे म्हणालो, धीर देतेय. सर काहीच बोलले नाहीत. रात्रभर विचार करायला सांगून निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनीच उलगडलं: जो कुत्र्याला भितो, तो सिंहाच्या जाळीकडे फिरकेल का? ती जाळी तिला प्रियकराला भेटायला मोकळी हवी आहे.

पुढे बँकेच्या नोकरीत मदुराईला बदली झाली. शेजारी तमिळच्या निवृत्त शिक्षिका राहत. मी त्यांना पाट्टी, म्हणजे आजी, म्हणे. त्यांनी मला ‘कुरुन्तोहै’ वाचायला शिकवलं. सुमारे चारशे छोट्या प्राचीन तमिळ प्रेमकविता, एकातही नायक-नायिकेचं नाव नाही. पंचविसावी कपिलर या कवीची, जेमतेम पाच ओळींची. नायिका म्हणते: तिथे दुसरं कुणी नव्हतं, तोच तेवढा, चोर. तोच खोटं बोलला तर मी काय करू? राळ्याच्या काडीसारखे बारीक हिरवट पाय असलेला एक बगळा मात्र होता, वाहत्या पाण्यात आरल मासोळीवर डोळा ठेवून, त्याने मला आपली केली त्या दिवशी.

मला वाटलं, बगळा म्हणजे नुसतं चित्र. पाट्टी म्हणाल्या, घाई करू नकोस. साक्षीदार एकच, तोही मुका, आणि त्याचं सगळं लक्ष भक्ष्याकडे. ‘तोही तसाच होता’ हे ती उच्चारत नाही, बगळ्याकडे बोट दाखवते. शिवाय राळा हे डोंगरउताराचं पीक, आणि तमिळ काव्यात डोंगर म्हणजे मीलन. त्याला कुरिंजी म्हणतात. रान म्हणजे वाट पाहणं, शेतशिवार म्हणजे रुसवा, समुद्रकाठ म्हणजे झुरणं, रखरखीत वाट म्हणजे ताटातूट. पाखरं, झाडं, पिकं, सगळी त्या त्या भूमीची. पायांच्या उपमेतूनच तो डोंगर कवितेत येतो. बगळ्यासारख्या अशा दडवलेल्या उपमेला ‘तोल्काप्पियम्’ या प्राचीन तमिळ व्याकरणग्रंथात ‘उळ्ळुरै’ म्हटलं आहे, आतली वस्ती. मला हा शब्द फार आवडतो.

पाट्टींनी मग विचारलं, तुमच्या गोदावरीची एखादी कविता सांग की. मोडक्यातोडक्या तमिळमध्ये मी कुत्र्या-सिंहाची गाथा सांगितली. अर्थ सांगायच्या आधीच त्या खुदकन हसल्या आणि म्हणाल्या, ‘मग ती रोज त्या जाळीत कुणाला भेटते?’