बॅटरी ठणठणीत, गाडी मात्र ठार

चावी फिरवली आणि काहीच झालं नाही. सेल्फची टकटक नाही, डॅशबोर्डवर दिवा नाही, हॉर्न नाही. पिकअप जुनी आहे, तिची दुखणी मला पाठ आहेत. पण इतकी मुकी ती कधी झाली नव्हती. भाच्याचं निदान तयारच: "मामा, बॅटरी गेली. नवीन टाका."

गाडीचं काहीही बिघडो, हा सल्ला ठरलेला. मीटर थेट बॅटरीच्या शिशाच्या खांबांना लावला. 12.6 व्होल्ट, म्हणजे पूर्ण चार्ज. बॅटरीचा विषय तात्पुरता बाजूला.

आमच्या गाडीत हेडलाइट, हॉर्न आणि केबिनचा दिवा चावीशिवाय चालतात. तेही बंद होते, तेव्हा इग्निशन स्विचवर संशय घेण्यात अर्थ नव्हता. जिथून सगळ्यांना करंट जातो अशीच एखादी जागा गेली असणार: आत जाणारी मुख्य वायर, नाहीतर अर्थिंग, म्हणजे बॅटरीची निगेटिव्ह बाजू बॉडीला आणि इंजिनला जोडणारी वायर. सगळंच एकदम बंद पडलं की लोक घाबरतात, मला उलट हायसं वाटतं. खरा ताप असतो तो पावसात अधूनमधून रुसणाऱ्या एकट्या इंडिकेटरचा.

गाडी न्यूट्रलला टाकली, हँडब्रेक ओढला आणि बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून एक वायर सोलेनॉइडच्या, म्हणजे सेल्फला करंट जोडून देणाऱ्या स्विचच्या, बारीक टर्मिनलला टेकवली. इंजिन गर्रकन फिरलं. बॅटरीत दम आहे, जाड केबल ठीक, इंजिनचं अर्थिंगही ठीक, एवढं एका वायरने सांगितलं.

मग फ्यूजबॉक्स. मीटरवर 12.5. "इथे तर करंट येतोय की," भाचा म्हणाला. त्याला हेडलाइटचा स्विच ओढायला लावला, तर आकडा धाडकन शून्याजवळ. खरी गोम इथेच आहे. मीटर स्वतः करंट जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे गंजलेल्या जोडातून जेमतेम काही झिरपत असलं तरी तो ऐटीत पूर्ण व्होल्टेज दाखवतो. म्हणून मी इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब दोन वायरी जोडून डब्यात ठेवलेला असतो. तो पावणेदोन अँपिअर ओढतो. त्याच्यापुढे खोटं टिकत नाही.

बल्बची एक वायर बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरी बॉडीच्या खरवडलेल्या पत्र्याला. लख्ख पेटला. बॉडीचं अर्थिंग संशयातून सुटलं. उरली पॉझिटिव्ह बाजू. हेडलाइटचा स्विच चालूच ठेवून मीटरचं एक टोक बॅटरीच्या खांबावर धरलं आणि दुसरं वायरीबरोबर पुढे सरकवत नेलं. चांगल्या जोडावर 0.1 व्होल्टच्या आसपास पडतात, म्हणजे वाटेत वाया जातात. फ्युजिबल लिंक ओलांडली आणि मीटरने जवळपास 12 दाखवले. सगळी बॅटरी त्या वीतभर वायरीतच अडकली होती.

फ्युजिबल लिंक म्हणजे मुख्य वायरीपेक्षा मुद्दाम बारीक ठेवलेला तुकडा. पुढे मोठा शॉर्ट झाला तर आधी हा वितळतो. वरचं आवरण सहज पेट न घेणारं असतं, म्हणून आतली तार गेली तरी बाहेरून कळत नाही. ओढून पाहायचं. आमची रबरासारखी लांबली. आवरण चिरलं तर टर्मिनलच्या तोंडाशी तांब्याची नुसती हिरवी भुकटी.

वितळल्याची खूण नव्हती, तरी खात्री हवी. लिंक काढली आणि तिच्या जागी तोच बल्ब जोडला. सगळं बंद असताना तो विझलेला राहिला. दार उघडल्यावर केबिनचा दिवा लागला आणि हातातल्या बल्बची तार जेमतेम लाल झाली. हिशेब बरोबर. शॉर्ट असता तर बल्ब दार उघडण्याआधीच लख्ख पेटला असता.

नवीन लिंक त्याच जाडीची घ्यायची. हाताला लागली म्हणून जाड साधी वायर घालणारे आहेत. पुढच्या शॉर्टला मग लिंकऐवजी अख्खं हार्नेस, म्हणजे गाडीतल्या वायरींचा जुडगा, जळतं. आधी बॅटरीची निगेटिव्ह सोडली, टर्मिनल नीट दाबून बसवलं, वर गोंदवाली आकसणारी नळी चढवली, निगेटिव्ह शेवटी जोडली.

पहिल्या सेल्फला गाडी चालू. बॅटरीवर 14.2 व्होल्ट, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरही कामावर आहे. डावा हेडलाइट तेवढा अजून पिवळट जळतो. त्याच्या अर्थिंगला 0.8 व्होल्ट पडतायत, तेव्हा तो बोल्ट सोडवून पत्रा खरवडायचं काम भाच्याकडे दिलंय.