सुटकेचा दिवस आणि पुढचे १४ दिवस

शुक्रवारी दुपारी तुरुंगातून सुटका झाली, की बाहेर आलेल्या माणसाला सोमवार सकाळपर्यंत बहुतेक कचेऱ्या बंद सापडतात. निवाऱ्याची सोय लागत नाही, दवाखान्यात नोंद होत नाही, सुटलेल्यांवर लक्ष ठेवणारा देखरेख अधिकारी भेटत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये यावर २०२३ साली कायदाच करावा लागला. सुटका शुक्रवारी किंवा सुट्टीच्या आदल्या दिवशी येत असेल, तर ती कामकाजाच्या दोन दिवसांपर्यंत अलीकडे घेता येते. जिथे अशी सोय नाही, तिथे शनिवार-रविवारची राहण्याची जागा आधीच ठरवून कैद्याच्या हातात कागदावर लिहून द्यावी.

तयारी सुटकेच्या निदान ३ महिने आधी सुरू करावी, आणि सुरुवात कागदपत्रांनी. पत्ता नसेल तर ओळखपत्र मिळत नाही, ओळखपत्र नसेल तर बँकेत खातं उघडत नाही, खातं नसेल तर पगार अडकतो. ही साखळी तुरुंगात असतानाच सोडवायची. पत्ता ठरवताना घरच्यांशी वेगळं बोलावं, कैद्यासमोर नाही. ‘येऊ दे’ हा होकार मनापासून आहे की धास्तीपोटी, हे तेव्हाच कळतं. गुन्ह्याची झळ सोसलेली व्यक्ती त्याच घरात किंवा शेजारी राहत असेल, तर तो पत्ता बाद.

सर्वांत जास्त काळजी पहिल्या दोन आठवड्यांची. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात सुटलेल्या ३०,२३७ कैद्यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका इतर रहिवाशांच्या १२.७ पट निघाला आणि सगळ्यात मोठं कारण होतं अमली पदार्थांचा अतिडोस. आत असताना सवय तुटते, शरीराची सहनशक्ती उतरते. बाहेर आल्यावर माणूस पूर्वीचंच प्रमाण घेतो आणि तेच जिवावर बेततं. हे सुटकेआधी त्याला आणि घरच्यांना स्पष्ट शब्दांत सांगावं, अफूजन्य पदार्थांचं व्यसन असलेल्याच्या घरी नॅलॉक्सोन (अशा पदार्थांच्या अतिडोसवरचा उतारा) द्यावं आणि ते कसं वापरायचं हे करून दाखवावं. मानसिक आजाराच्या गोळ्या सुरू असतील, तर डॉक्टरची वेळ गोळ्या संपायच्या आत मिळायला हवी. चिठ्ठी दिली आणि गोळ्या दिल्या नाहीत, तर उपचार तिथेच तुटतो.

देखरेख किती ठेवायची? अँड्र्यूज, बोंटा आणि होग या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली मांडलेलं तत्त्व अजूनही उपयोगी आहे: पुन्हा गुन्हा होण्याची जोखीम जितकी, तितकं लक्ष. कमी जोखमीच्या माणसाला आठवड्यातून तीनदा बोलावलं, तर त्याची नोकरी जाते, घरच्यांची साथ तुटते आणि प्रतीक्षाकक्षात त्याची ओळख होते ती जास्त जोखमीच्या लोकांशी. जास्त देखरेखीने तो बिघडतो, हे पुष्कळ ठिकाणी आजही कुणी ऐकून घेत नाही.

सुटकेच्या अटी मोजक्या ठेवाव्यात. सगळ्या अटी एका कागदावर मांडून वेळा ताडून पाहाव्यात. उपचारगटाची वेळ आणि कामाची पाळी एकाच तासाला येणं, हे वरचेवर होतं. मग माणूस कुठेही गेला तरी एक अट मोडतेच, आणि नोंद मात्र ‘असहकार’ अशी होते.

देखरेख अधिकाऱ्याच्या भेटीत अटींची उजळणी करण्यातच वेळ गेला, तर उपयोग शून्य. आधी खुशाली आणि तातडीची अडचण, मग मागच्या वेळी ठरलेल्या गोष्टीचं काय झालं ते. त्यानंतर एकच प्रसंग घ्यावा. समजा जुना साथीदार रस्त्यात भेटला. काय मनात येतं, तोंडून काय निघतं, त्याऐवजी काय म्हणता येईल, हे त्याच्याकडून प्रत्यक्ष बोलून घ्यावं. नुसता उपदेश रस्त्यावर आठवत नाही. शेवटी पुढच्या भेटीपर्यंत करायचं एक छोटं काम. आणि वेळेवर आला, काम टिकवलं, तर ते तोंडावर सांगावं. या माणसांनी असं क्वचितच ऐकलेलं असतं.

भेट चुकली, तर त्याच दिवशी फोन करावा. बसभाडं नव्हतं, तारीख वाचता आली नाही, की तो खरंच टाळतोय, हे तिथेच उलगडतं. टाळत असेल तर परिणाम लहान ठेवावा, पण एक-दोन दिवसांतच द्यावा. महिनाभर दुर्लक्ष करून मग एकदम तुरुंगात परत पाठवलं, तर चूक आणि शिक्षा यांचा संबंध त्याच्या लेखी उरत नाही.