मेडवे नदीवरची चाकाची आगबोट

ताईकडे इंग्लंडमध्ये केंटला आलो की शनिवार आमचा मोकळा असतो, कारण शनिवारी ती घर आवरायला काढते आणि आम्ही तिच्या पायात येतो. या खेपेला भाच्याला घेऊन जिलिंगहॅमच्या धक्क्यावर गेलो. रस्त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. धक्क्यावर मात्र उंच धुराड्याची एक बुटकी बोट उभी होती आणि तिच्या दोन्ही कुशींना गालगुंड झाल्यासारखे फुगवटे होते. त्या फुगवट्यांच्या आत पाणी घुसळून बोट पुढे ढकलणारी चाकं. हीच 'मेडवे क्वीन'.

आमच्या आजीच्या भाषेत आगबोट. आजी कोकणातून मुंबईला आगबोटीने यायची आणि बोट लागू नये म्हणून कोकम चोखायची. चाकाची आगबोट मात्र तिनेही पाहिली नसेल.

ही 1924 साली स्कॉटलंडमधल्या ट्रून गावी बांधली. लांबी साधारण 180 फूट, टनभार 316. काम काय, तर उन्हाळ्यात लोकांना मेडवे नदीतून साउथएंड आणि हर्न बेच्या किनाऱ्यावर फिरवून आणायचं. थोडक्यात, सहलीची बोट. दुसऱ्या महायुद्धात मात्र ती ब्रिटिश आरमारात होती. सहलीच्या बोटीला आरमारात घ्यायची वेळ कशी आली, हा भाच्याचा पहिला प्रश्न, आणि तो रास्त होता.

कारण आरमाराने युद्धनौकांसाठी चाकाचा नाद एकोणिसाव्या शतकातच सोडला होता. वाफेवरच्या पहिल्या युद्धनौका चाकाच्याच होत्या, पण चाकाच्या पेट्यांनी जहाजाची कूस अडायची, तोफांना जागा उरायची नाही आणि एक गोळा चाकावर बसला की जहाज लंगडं. 1845 साली ब्रिटिश आरमाराने मागे पाण्याखाली फिरणाऱ्या पंख्याची 'रॅटलर' आणि चाकाची 'अलेक्टो' यांची शेपट्या बांधून रस्सीखेच लावली. 'रॅटलर'ने 'अलेक्टो'ला, तिची चाकं पुढे जायला धडपडत असताना, उलटं ओढत नेलं. चाकाचा निकाल लागला.

आणि तरी दोन्ही महायुद्धांत या सहलीच्या बोटी आरमाराने मागून घेतल्या, त्या पाणसुरुंग काढायला. सुरुंग पाण्याखाली साखळीने बांधलेला असतो. चाकाच्या बोटीचा तळ उथळ, त्यामुळे ती त्याच्या डोक्यावरून सुखरूप जाण्याची शक्यता जास्त. काम आपल्या रापणीसारखं: दोघी मिळून मध्ये पोलादी तार ओढत नेतात, तारेने साखळी कापली की सुरुंग वर येतो आणि मग त्याला बंदुकीने उडवायचा. 'मेडवे क्वीन'ला राखाडी रंग फासला, पुढे तोफ बसवली आणि डोव्हरच्या तुकडीत धाडलं.

मग मे 1940. फ्रान्समधल्या डंकर्कच्या किनाऱ्यावर ब्रिटिश आणि फ्रेंच फौजा जर्मनांच्या वेढ्यात अडकल्या. ही बोट सात वेळा गेली आणि सुमारे 7000 माणसं घेऊन आली. एका खेपेला शेकड्यांनी माणसं, आणि बोट एवढी की मी डेकवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत निवांत चालत गेलो तरी दीड मिनिटही लागलं नाही.

पहिल्याच खेपेहून परतताना सैनिकांनी भरलेली असतानाच, बुडत चाललेल्या 'ब्रायटन बेल' या दुसऱ्या चाकाच्या बोटीवरची माणसंही तिने उचलली. पुढे रात्रीच्या अंधारात नवीच पंचाईत: चाकं पाणी घुसळायची, त्यामुळे मागे चमकता पट्टा उमटायचा आणि वरून विमानांना वाट दिसायची. यावर तोड काय, तर बोटीच्या पुढच्या टोकाच्या दोन्ही बाजूंना तेलाने भरलेल्या पिशव्या लोंबकळत सोडल्या. तेल ठिबकलं की पाणी चमकायचं थांबायचं. मला ही युक्ती तोफेपेक्षा जास्त आवडली.

तिच्या बहिणी इतक्या नशीबवान नव्हत्या. 'वेव्हर्ली', 'ग्रेसी फील्ड्स', 'क्रेस्टेड ईगल', 'ब्रायटन क्वीन' या चौघी डंकर्कला जाऊन परत आल्याच नाहीत. शेवटच्या खेपेला हिचीही उजव्या बाजूची चाकाची पेटी मोडली. रखडत घरी आली.

आम्हाला फिरवणारे आजोबा हौशी स्वयंसेवक होते. स्वयंपाकाच्या खोलीशी ते सगळ्यात जास्त वेळ थांबले. खोली कसली, चाळीतली मोरी! इथून उपाशी सैनिकांना चहा आणि रस्सा वाढला गेला. भाचा आत उभा राहिला आणि त्याचे दोन्ही हात दोन्ही भिंतींना लागले.

लढाईनंतर ती पुन्हा सहलीला लागली, 1963 साली निवृत्त झाली. बेल्जियमच्या भंगारवाल्याला ही डंकर्कची बोट म्हटल्यावर तोडायचं जिवावर आलं, असं सांगतात. मग आइल ऑफ वाइटला तिचा नाइटक्लब केला! पुढे तळ गंजला, पाणी शिरलं. 1984 साली तिला तराफ्यावर चढवून मेडवेला आणली. ब्रिस्टलला नवा सांगाडा जुन्या रीतीने, तापलेले रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारे खिळे, ठोकून बांधला आणि 2013 साली ती इथे परतली. मी हात फिरवून पाहिला: कुशीवर रिव्हेटांच्या गोल टोप्यांच्या रांगाच रांगा, वेल्डिंग नाही. इंजिन जुनंच आहे.

जाता जाता एक. पलीकडच्या चॅटमच्या गोदीत 1838 साली मुंबईच्या वाडिया घराण्यातले दोन तरुण आगबोटी बांधायला शिकायला येऊन राहिले होते. त्याआधीच मुंबईत 'ह्यू लिंडसे' ही चाकाची आगबोट बांधून झाली होती; 1830 साली ती मुंबईहून सुएझला गेली, तेव्हा प्रवाशांच्या खोल्यांतही कोळसा भरला होता. ते दोघे याच नदीकाठी हिंडले असणार. चॅटमच्या गोदीसाठी पुढचा शनिवार राखून ठेवला आहे.

परतताना ताईचा फोन. "बसलात का बोटीत? किती लांब गेलात?"

"एक इंचही नाही," भाचा म्हणाला. "तिला अजून बॉयलर नाहीये."