पावसाळ्यानंतरची नोंद: अडखळणारा फ्लिपर, गुणी क्रॉसबार

मंडळी, मागच्या नोंदीत माझा फ्लिपर, म्हणजे पात्याचं मागचं टोक बोटाने दाबून उघडायचा खिशातला घडीचा चाकू, उघडताना अडखळत होता. त्याचा निकाल लागला. संशय डिटेंटवर, म्हणजे मिटलेलं पातं धरून ठेवणाऱ्या गोळी-खळगीच्या जोडीवर होता, म्हणून आधी तिथूनच सांगतो.

फ्लिपरच्या आत ढकलणारी स्प्रिंग नसते, तरी पातं फटकन कसं उघडतं? लायनरमध्ये (मुठीच्या आतल्या पत्र्यात) सिरॅमिकची एक बारीक गोळी ठोकून बसवलेली असते आणि पात्याच्या बुडाला तिच्या मापाची खळगी. चाकू मिटलेला असताना गोळी खळगीत बसून पातं धरून ठेवते. तर्जनीने मागचं टोक दाबलं की गोळी लगेच सुटत नाही. बोटाचा जोर साठत जातो, मग ती एकदम निसटते आणि तोच जोर पात्याला थेट लॉकपर्यंत, म्हणजे पूर्ण उघडून अडकेपर्यंत, नेतो. खळगी उथळ असली तर जोर साठतच नाही, पातं अर्ध्यावर लोंबकळतं. फारच कडक असली तर बोटाचं कातडं सोलवटतं. फ्रेमलॉकवाल्यांसाठी (यात मुठीचीच एक पट्टी, लॉकबार, पातं अडवते) आणखी एक गोष्ट: चाकू धरताना बाकीची बोटं लॉकबारवर टेकली की गोळीवरचा दाब वाढतो आणि चांगला चाकूही उघडत नाही. "माझा पीस खराब आलाय" म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांनी आधी पकड बदलून बघावी.

माझी पकड ठीक होती. पिव्हॉट, म्हणजे पातं ज्यावर फिरतं तो स्क्रू, थोडा सैल केला, फरक शून्य. मग टी-६ स्क्रूड्रायव्हरने मुठीचे स्क्रू आणि टी-८ने पिव्हॉट काढून सगळंच उघडलं. बेअरिंगच्या पिंजऱ्यात राखाडी लगदा! खिशातल्या सुताचा भुगा, घाम आणि घोडबंदर रोडच्या कामांची धूळ, सगळं तेलात मळून बसलेलं. बेअरिंगच्या गोळ्या फिरायच्या ऐवजी घासत होत्या. आयपीएमध्ये (आयसोप्रोपिल अल्कोहोल) बुडवून जुन्या टूथब्रशने घासलं, वाळवलं, आणि शिलाई मशीनचं तेल सुईच्या टोकावर घेऊन जेमतेम थेंबभर दिलं. जास्त तेल म्हणजे पुढच्या लगद्याला आमंत्रण. पिव्हॉट आवळताना माझं माप सोपं आहे: लॉक सोडल्यावर पातं आपल्या वजनाने खाली यावं, पण चिमटीत धरून हलवलं तर डावीउजवीकडे डुलू नये. आता आवाज परत आलाय, तो कोरडा, स्वच्छ 'टक्क'.

लगद्याखाली डी२ स्टीलच्या पात्याच्या बुडाला तांबूस ठिपके मात्र निघाले. डी२मध्ये क्रोमियम साधारण १२ टक्के, पण कार्बन दीड टक्क्याच्या आसपास. तो गंज रोखणारं बरंचसं क्रोमियम कार्बाइडमध्ये अडकवून ठेवतो. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत असं स्टील रुसतंच. कैरी कापून पातं न पुसता मिटलं तर रात्रीत डाग. १४सी२८एन स्टीलवाला दुसरा चाकू त्याच खिशात, त्याच पावसात फिरला आणि कोरा राहिला.

तो दुसरा म्हणजे क्रॉसबार लॉकवाला. लॉकची मूळ रचना मॅकहेन्री आणि विल्यम्स या चाकू बनवणाऱ्यांची, बेंचमेड कंपनीने १९९८मध्ये 'ॲक्सिस' नावाने आणली. पेटंटची मुदत संपल्यावर आता बऱ्याच कंपन्या ती करतात. मुठीतून आडवी जाणारी कांडी, दोन्ही बाजूंना ओमेगाच्या आकाराच्या दोन बारीक स्प्रिंगा. कांडी मागे ओढली की पातं मोकळं. उघडणंही एका हाताने, मिटणंही, आणि मिटताना बोट पात्याच्या वाटेत येत नाही. झटपट उघडण्याच्या नादात आपण मिटण्याकडे कुणी बघत नाही, आणि पार्सल दुसऱ्या हातात असतं तेव्हा नेमकं तेच लागतं. (टेपचा चिकटा पात्यावर राहिला तर खोबरेल तेलाने पुसा, लगेच निघतो.)

तरी ऑफिसात मी तिसरा, पात्यात गोल भोकवालाच नेतो. स्पायडर्को कंपनीने १९८१मध्ये आणलेली ही युक्ती सगळ्यात साधी: अंगठा भोकात टेकवून पातं हळू सरकवायचं. गंजायला किंवा तुटायला काहीच नाही. फ्लिपरच्या 'टक्क'ने आख्खी रांग वळून बघते. शेजारच्या काकूंनी एकदा लिफ्टपाशी विचारलंच, "काय रे, रामपुरी घेऊन फिरतोस की काय?" रामपुरीत पातं आतली स्प्रिंग फेकते, आपल्यात बोट, हे लिफ्ट येईपर्यंत समजावणं अवघड! असिस्टेड, म्हणजे थोडं हाताने आणि उरलेलं स्प्रिंगने उघडणारा चाकू, मधे कुठेतरी येतो: सुरुवातीला स्प्रिंग पातं मिटलेलंच ठेवू बघते, हाताने थोडं पुढे नेल्यावर बाजू बदलते. अमेरिकेत १९५८च्या स्विचब्लेड कायद्यातून २००९मध्ये त्याला सूट मिळाली ती याच मुद्द्यावर.

आपल्याकडे शस्त्र नियम २०१६मध्ये ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचा उल्लेख आहे, घरगुती कामाची हत्यारं वगळून. आपले तीन इंची त्यात येत नाहीत म्हणून निर्धास्त राहू नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली ठाण्यात अधूनमधून मनाई आदेश निघतात आणि त्यात सुऱ्यांचं नाव असतं. त्या दिवसांत माझे सगळे चाकू कपाटात.

पुढचं काम क्रॉसबार उघडण्याचं. एक ओमेगा स्प्रिंग सुस्तावल्यासारखी वाटतेय, कांडी एका बाजूने उशिरा परतते. स्प्रिंग उडू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून उघडणार आहे. बेअरिंगऐवजी फॉस्फर ब्राँझच्या चपट्या वॉशरवाला फ्लिपर कुणी आख्खा पावसाळा खिशात ठेवला असेल तर त्याची हालत कशी आहे ते कळवा, पुढची खरेदी त्यावर ठरेल.