पॅटर्न सागवानी की ॲल्युमिनियमचा?

कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव भागात बिडाच्या (कास्ट आयर्नच्या) ओतकामाची चौकशी करणारे ग्राहक किलोच्या दरावर तासभर घासाघीस करतात, पण पॅटर्न, म्हणजे वाळूत साचा उठवण्यासाठीचा नमुना, कशाचा करायचा हे मात्र सर्वांत स्वस्त कोटेशन पाहून दोन मिनिटांत ठरवून मोकळे होतात.

दहा-वीस नगच हवे असतील किंवा ड्रॉइंग अजून बदलणार असेल, तर सागवानी पॅटर्न पुरेसा असतो. मात्र ओलसर वाळूत लाकूड फुगते. एका पावसाळ्यात पंपाच्या आवरणाच्या पॅटर्नला रंगाचा दुसरा हात देण्याचे मी टाळले आणि त्याचा सांधा असा उचलला गेला, की पॅटर्न काढताना साच्याची कड दर वेळी ढासळत होती. मोल्डर दिवसभर ती लिंपत बसला. शेकडो नग मशीनवर काढायचे असतील, तर ॲल्युमिनियमची मॅचप्लेटच, म्हणजे दोन बाजूंना पॅटर्नचे दोन भाग असलेली पाटीच, करावी.

ओतलेला धातू थंड होताना आकसतो, म्हणून साहित्याइतकाच आकुंचनाचा हिशेब महत्त्वाचा आहे. करड्या बिडासाठी साधारण १ टक्का, तर पोलादासाठी साधारण २ टक्के वाढीव माप धरतात. त्यामुळे बिडासाठी केलेल्या पॅटर्नवर पोलाद ओतल्यास ३०० मिलिमीटर लांबीत सुमारे ३ मिलिमीटरची तूट येते. ॲल्युमिनियमचा पॅटर्न लाकडी मास्टरवरून ओतायचा असेल, तर मास्टरमध्ये ॲल्युमिनियम आणि नंतर ओतायचा धातू अशा दोन्ही धातूंचे आकुंचन धरावे लागते, आणि नवशिक्यांचे गणित नेमके येथेच चुकते. पॅटर्न साच्यातून सहज निघावा म्हणून उभ्या बाजूंना १ ते २ अंशांचा उतार हवाच. कोअर बॉक्सची (ओतकामातील पोकळीसाठी वाळूचा गाभा बनवण्याच्या पेटीची) किंमतही कोटेशनमध्ये वेगळी लिहून घ्यावी.