अविवाहित असल्याचा दाखला कोण देणार?

माझ्या भाच्याने जर्मनीत, तिथल्याच मुलीशी लग्न करायचे ठरवले, तेव्हा मुलगी मासे खाते का इथपासून सगळ्याची घरात यथेच्छ चर्चा झाली. कागदपत्रांचा विषय मात्र कोणी काढला नाही. तो माझ्याकडे आपसूक आला. मी महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो असल्यामुळे सरकारी कागद म्हटला की मामा, अशी आमच्या नात्यागोत्यात समजूत आहे. आपल्या भागातील बरीच मुले आता बाहेरदेशी स्थिरावत आहेत आणि तिथेच लग्नेही करू लागली आहेत, म्हणून या कामात जे समजले ते सविस्तर लिहून ठेवतो.

वर किंवा वधू जर्मन नागरिक असल्यास जर्मनीत लग्न कायदेशीर ठरते ते फक्त सरकारी विवाह नोंदणी कार्यालयात, निबंधकासमोर लागले तरच. चर्चमधील किंवा देवळातील विधीला कायद्याच्या दृष्टीने वजन नाही. परदेशी वराने किंवा वधूने आपल्या देशातून ‘या व्यक्तीच्या विवाहाला कायद्याची आडकाठी नाही’ असा विवाहक्षमतेचा दाखला आणावा, असे जर्मन नागरी संहितेचे कलम १३०९ सांगते. आपल्याकडे असा दाखला देणारे कार्यालयच नाही. गावातील कोणाचे लग्न कधी आणि कोणाशी झाले हे वाडीतील प्रत्येकाला तोंडपाठ असते, परंतु कोणाचे लग्न झालेले नाही याची नोंदवही कोणत्याही तलाठी सज्जात, ग्रामपंचायतीत किंवा तहसीलदारांच्या दप्तरात नसते, कारण नोंद घडलेल्या गोष्टीची होते, न घडलेल्याची नाही. ही अडचण जर्मन कायद्यालाही ठाऊक आहे. म्हणून ज्या देशांत असा दाखला मिळत नाही, तेथील नागरिकांना या अटीतून सूट देण्याचा अधिकार तिथल्या उच्च प्रादेशिक न्यायालयाच्या अध्यक्षांना दिलेला आहे. अर्ज विवाह नोंदणी कार्यालयामार्फतच जातो. पण न्यायालयाला पुरावा हवा असतो आणि तो पुरावा शेवटी गावातूनच गोळा करावा लागतो.

प्रथम अपोस्टीलविषयी, म्हणजे सरकारी कागद खरा असल्याची परदेशासाठी दिलेली साक्ष, कारण तेथे अनेकांचे पैसे वाया जातात. एका देशाचा सरकारी कागद दुसऱ्या देशात थेट ग्राह्य धरला जावा यासाठी १९६१ साली हेग येथे करार झाला आणि भारत त्यात २००५ साली सामील झाला. परराष्ट्र मंत्रालयाचा तो चौकोनी स्टिकर दाखल्याच्या पाठीवर लागला की इटली, पोर्तुगाल, डेन्मार्क अशा देशांत पुढचे काम सोपे होते. मात्र भारताच्या प्रवेशाला जर्मनीने हरकत घेतलेली असल्यामुळे या दोन देशांमध्ये हा करार लागूच होत नाही. मुंबईतील एका एजंटला आम्ही देश कोणता ते स्वच्छ सांगितले होते, तरीही त्याने अपोस्टीलचे पैसे घेऊन ते स्टिकर लावून दिले. कागद दिसतो देखणा. जर्मनीतील त्या टेबलावर त्याचा उपयोग शून्य. एजंट गाठण्याआधी ज्या कार्यालयात लग्न लागणार आहे, त्यांच्याकडून आवश्यक कागदांची यादी लेखी मागवून घ्यावी. एकाच देशात दोन शहरांच्या याद्याही वेगळ्या निघू शकतात.

खरे काम जन्मदाखल्यापासून सुरू झाले. भाच्याचे घर वाघोटण खाडीच्या पलीकडे, राजापूर तालुक्यात, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यात. आमचे गाव अलीकडे, देवगड तालुक्यात, म्हणजे सिंधुदुर्गात. पहिले बाळंतपण माहेरी, या रिवाजाप्रमाणे बहीण आमच्याकडे आली होती, त्यामुळे भाच्याच्या जन्माची नोंद आमच्या ग्रामपंचायतीत झाली. पुढे शाळेचा दाखला आणि त्यावरून पासपोर्ट निघाला, त्यात मात्र जन्मस्थळ म्हणून वडिलांचे गाव लागले. इथल्या माणसाला यात काही वावगे वाटत नाही, कारण आपण ‘गाव’ म्हणतो ते बापाचेच. परक्या अधिकाऱ्यासमोर मात्र एकाच माणसाची दोन जन्मस्थळे, तीही दोन जिल्ह्यांत, असा मामला उभा राहतो. त्यातच रजिस्टरमध्ये बाळाच्या नावाचा रकाना कोरा होता. जन्माची वर्दी बारशाआधीच दिली गेली आणि नंतर नाव घालायला कोणी फिरकले नाही. असे नाव साधारणपणे पंधरा वर्षांच्या आत घालता येते. ती मुदत उलटलेल्यांसाठी शासनाने वेळोवेळी वाढीव संधी दिलेली आहे आणि त्या संधीचा आम्हाला फायदा झाला. दुरुस्तीसाठी जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १५ चा आधार असतो. अर्जात कलम लिहिले की समोरचा माणूस वाद घालत नाही, हा माझा नोकरीतला अनुभव. दाखला दुरुस्त झाल्यावर तो जोडून भाच्याने जर्मनीतील भारतीय वकिलातीत पासपोर्टावरील जन्मस्थळ बदलून घेतले.

यापेक्षा किचकट निघाले ते आईचे नाव. जर्मन अर्जात आईचे जन्मावेळचे आडनाव विचारतात. आमच्या बहिणीचे लग्नात आडनावच नव्हे, तर नावही बदलले. तांदळात अंगठीने लिहिलेले ते नाव मुलाच्या दाखल्यावर आले आणि माहेरचे नाव राहिले फक्त तिच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर. ही दोन्ही नावे एकाच बाईची, असे सांगणारा कागद त्या काळी कोणी करून ठेवलेला नसतो. आम्ही प्रतिज्ञापत्र केले आणि राजपत्रात नावातील बदल प्रसिद्ध करून घेतला. तिच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मगावाचा जिल्हा रत्नागिरी असा होता, कारण सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला आणि तिचा जन्म त्याआधीचा. याला दुरुस्ती लागत नाही, पण खुलासा लागतो. एका ओळीचे स्वतंत्र पत्र जोडले आणि प्रश्न तेथेच मिटला. कोकणातील सिंधुदुर्गकरांनी आपल्या आईवडिलांचे जुने कागद या दृष्टीने एकदा अवश्य पाहावेत.

अविवाहित असल्याबाबत दोन प्रतिज्ञापत्रे केली: एक भाच्याने वकिलातीत, दुसरे त्याच्या आईवडिलांनी इथे. वकील मंडळींकडे तयार मसुदा असतो, त्यात ‘मी अविवाहित आहे’ एवढेच वाक्य असते. ते अपुरे आहे. कोणत्याही कायद्याने, धर्माने अथवा रूढीने यापूर्वी विवाह झालेला नाही असे स्पष्ट लिहावे, पासपोर्ट क्रमांक घालावा आणि होणाऱ्या पत्नीचे नाव तिच्या पासपोर्टावर जसे आहे तसेच, अक्षरन् अक्षर, उतरवावे. असे कागद परदेशात ताजे लागतात, साधारण सहा महिन्यांच्या आतले. म्हणून दुरुस्त्या सगळ्या आधी उरकाव्यात आणि प्रतिज्ञापत्र शेवटी करावे. उलट क्रमाने गेल्यास दुरुस्ती होईपर्यंत प्रतिज्ञापत्र शिळे होते.

एवढे करूनही जर्मन कार्यालय भारतीय कागदांवर थेट विसंबत नाही. ते आपल्या भारतातील वकिलातीला पडताळणी करायला सांगतात, खर्च अर्जदाराकडून आगाऊ घेतात आणि वकिलात विश्वासातल्या वकिलाला प्रत्यक्ष गावी पाठवते. त्यासाठी भाच्याकडून नातेवाईक, शाळा आणि घरी पोहोचण्याची वाट असे सगळे लिहून घेतले होते. वकील आले ते भर पावसाळ्यात. ग्रामपंचायतीत त्यांनी मूळ रजिस्टर मागवले, भाच्याची नोंद असलेले पान पाहिले, मागची-पुढची पानेही उलटली, शाई एकाच वेळची आहे का ते न्याहाळले आणि नंतर दुरुस्तीचा शेरा व त्यावरील सही-शिक्का टिपून घेतला. मग आमच्या घराऐवजी शेजारच्या घरी गेले. खळ्यातून पाणी वाहत होते, काकी पडवीत नारळ सोलत बसल्या होत्या. मुलाचे लग्न झाले आहे का, असे त्यांनी विचारताच काकींनी हातातले काम न थांबवता उत्तर दिले, “त्याचां लगीन झालां असतां तर आमकां आवतण इलां नसतां काय?” वकिलांनी ते लिहून घेतले. ज्या गोष्टीचा दाखला कोणत्याही दप्तरात नाही, तिचा पुरावा शेवटी शेजाऱ्याच्या तोंडूनच घ्यावा लागतो, आणि मला तरी या पद्धतीत अपमान वाटला नाही. आमच्या खात्यातले स्थळपाहणीचे पंचनामे वेगळे काय असतात?

याच कारणासाठी मी घरातील वडीलधाऱ्यांच्या एका बेताला ठाम विरोध केला होता. मे महिन्यात भाचा आणि ती मुलगी इथे येणार होती, तेव्हा देवासमोर गाऱ्हाणे घालून दोघांना हार घालायला लावू, नोंदणीचे लग्न सावकाश तिकडे होईल, असा बेत शिजत होता. हार घातले की आपल्या गावाच्या दृष्टीने लग्न झाले. मग पावसाळ्यात आलेल्या वकिलांना काकींनी काय सांगितले असते? प्रतिज्ञापत्रात ‘रूढीने विवाह झालेला नाही’ असे लिहून ठेवायचे आणि गावजेवण घालायचे, हे दोन्ही एकत्र चालत नाही. भावजी थोडे नाराज झाले, पण गाऱ्हाण्यावरच थांबले.

वकिलातीतच लग्न का लावत नाही, असेही काहींनी सुचवले. विदेशी विवाह अधिनियम, १९६९ खाली वर किंवा वधू यांपैकी एक भारतीय असल्यास भारतीय वकिलातीतील विवाह अधिकारी लग्न लावू शकतात. त्यासाठी दोघांपैकी एकाचा त्या भागात निदान तीस दिवस निवास आणि आगाऊ नोटीस लागते. पण वधू जर्मन नागरिक असल्यास जर्मनीत वकिलातीत लावलेले लग्न जर्मन कायदा मान्य करत नाही. दोघेही भारतीय असतील तर हा मार्ग जरूर पाहावा. आमच्यासाठी तो बंद होता.

न्यायालयाची सूट मिळून विवाह नोंदणी कार्यालयाने ‘हरकत नाही’ असे कळवले की तेव्हापासून सहा महिन्यांच्या आत लग्न लागावे लागते, नाहीतर अर्ज नव्याने करावा लागतो. भावजींनी पत्रिका पाहून काढलेले दोन मुहूर्त या मुदतीबाहेर पडले. तिसरा आत बसला, पण तो रविवार निघाला आणि रविवारी ते कार्यालय बंद असते. शेवटी कार्यालयाने दिलेला शुक्रवार सगळ्यांनी मान्य केला, आणि गावचे जेवण भातकापणी उरकल्यावर ठेवले.